मांजरं, वाफे आणि तुराट्या

नांदेड-लातूरकडच्या बागप्रेमींनो, कोथिंबीर पेरली की रात्रीत वाफा उकरलेला दिसतो ना? मांजराला विष्ठा पुरायला कोरडी, भुसभुशीत माती लागते. आपली काळी माती ओली असली की पायाला चिकटते, तिकडे ते सहसा जात नाही. पण शेणखत, कोकोपीट घालून मोकळा केलेला वाफा म्हणजे त्याच्यासाठी तयार संडासच!

परदेशी व्हिडिओंत हालचाल टिपून पाणी उडवणारे फवारे दाखवतात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या लातुरात हे कोण लावणार? त्यापेक्षा आपल्याकडच्या तुराट्या आणि पऱ्हाट्या भारी. वीतभर तुकडे करून वाफ्यात जवळजवळ उभे खोचा, टोकं बोथट ठेवा. उकरायला जागाच उरत नाही. रोपं दाट झाली की काढून टाका. कुंडीत मातीवर जाड खडी पसरली तरी पुरतं. संत्र्याच्या सालीचा वास मात्र दोन दिवसांत उडतो, माझा तिच्यावर भरवसा नाही.

कोपऱ्यात कोरड्या वाळूचा छोटा ढीग ठेवा, बरीच मांजरं तिकडे वळतात. तिथली घाण रोज उचला.

डांबरगोळ्या, फिनेल वापरू नका, दोन्ही मांजराला विषारी. मिरची पूडही नको.

मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. गरोदर बायकांनी अशा मातीत हात घालणं टाळावं, घालावाच लागला तर हातमोजे हवेतच. पालेभाजी नीट धुवा.

तुमच्याकडे आणखी काय चालतं? खाली लिहा.