होमिंग चुकतंय? आधी स्विच तपासा, मग सेटिंगला हात लावा

मागच्या भागात आपण स्टेपर ड्रायव्हरचा करंट कसा बांधायचा ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच विषयावर आले: "मशीन बनवलं, मोटारी फिरतात, पण होमिंग केलं की अलार्म येतो." म्हणून आजचा अख्खा भाग होमिंग आणि लिमिट स्विचवर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. मशीनशेजारी मोबाईल ठेवून एकेक पायरी करत जा.

मी जे सांगणार आहे ते आर्डुइनो उनो, त्यावरचं सीएनसी शील्ड आणि जीआरबीएल १.१ धरून. घरगुती मशीनवाल्यांपैकी बऱ्याच जणांकडे हाच संच असतो. सेटिंगच्या नंबरआधी डॉलरचं चिन्ह टाइप करायचं असतं. इथे मी बोलल्यासारखं "डॉलर २१" असंच लिहितोय.

आधी माझी फजिती

मामांच्या नव्या घरासाठी सागवानाची पाटी कोरत होतो. वास्तुशांत दोन दिवसांवर. चाळीस मिनिटं काम व्यवस्थित चाललं आणि मशीन एकदम थांबलं. स्क्रीनवर अलार्म १, म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला. पण गॅन्ट्री तर मधोमध! कुठलाच स्विच दाबलेला नव्हता. मी घाईत अलार्म काढला, काम पुढे चालू केलं आणि उरलेली अक्षरं दोन-तीन मिलिमीटर सरकून कोरली गेली. फळी गेली.

मग मी त्याहून मोठी चूक केली. डॉलर २१ शून्य करून हार्ड लिमिट बंदच करून टाकली. पाटी झाली, वास्तुशांत झाली, मी खूश. तीन आठवड्यांनी भाच्याला मशीन दाखवायला होमिंग दिलं, तर गॅन्ट्री स्विचपाशी थांबलीच नाही. स्विच दाबून पुढे गेली आणि शेवटच्या प्लेटवर जाऊन घर्रर्र करत धडकत राहिली. भाच्याचा हात त्या प्लेटपासून वीतभर लांब होता. मेन स्विच बंद केला तेव्हा माझे हात थरथरत होते.

दोन्ही वेळी मूळ दोष एकच होता, वायरिंगचा. सेटिंगचा नव्हताच. तो काय ते पुढे येईलच.

होमिंग म्हणजे नक्की काय?

लाइट गेल्यावर आपण घरात भिंत चाचपतो. भिंतीला हात लागला की मग कळतं, दार इकडे, कपाट तिकडे. मशीनचंही तेच. स्टेपर मोटार फक्त पावलं मोजते. चालू झाल्यावर आपण कुठे उभे आहोत हे तिला ठाऊक नसतं.

होमिंग दिलं की आधी झेड वर जातो, म्हणजे टूल कामात अडकत नाही. मग एक्स आणि वाय निघतात. स्विच लागेपर्यंत वेगात जायचं, थोडं मागे यायचं, परत हळू जाऊन नेमकी जागा पकडायची, पुन्हा मागे यायचं. मूळ सेटिंगमध्ये वेगाची चाल मिनिटाला ५०० मिलिमीटर, हळू चाल २५ आणि मागे येणं १ मिलिमीटर असतं.

तोच स्विच दुसरंही काम करतो. काम चालू असताना गॅन्ट्री टोकाला गेली तर मशीन थांबवतो. हे हार्ड लिमिट, म्हणजे डॉलर २१. ते बंद केलं तरी होमिंगला स्विच लागतोच. माझी गॅन्ट्री धडकली ती यामुळेच: हार्ड लिमिट बंद होती म्हणून नव्हे, तर होमिंगला स्विच दिसलाच नाही म्हणून.

पायरी १: बोटाने दाबून बघा

मोटारींचा सप्लाय बंद ठेवा. आर्डुइनो फक्त यूएसबीवर चालू द्या. आता काही हलणार नाही, पण कंट्रोलरला काय दिसतंय ते विचारता येईल. प्रश्नचिन्ह टाइप करा. उत्तराच्या ओळीत "पीएन" ही अक्षरं आणि त्यापुढे एक्स, वाय किंवा झेड आलं, तर तो स्विच कंट्रोलरला दाबलेला दिसतोय. आता एकेक स्विच बोटाने दाबून, सोडून विचारत जा.

दाबल्यावर अक्षर येतं, सोडल्यावर जातं? उत्तम, पुढच्या पायरीवर चला.

उलटं होतंय, म्हणजे सोडलेला असताना दिसतं आणि दाबल्यावर जातं? स्विच एनसी जोडलेला आहे आणि डॉलर ५ शून्य आहे. ते १ करा. मात्र हे सेटिंग सगळ्या अक्षांना एकदम लागू होतं. एक स्विच एनओ आणि दुसरा एनसी अशी खिचडी चालणार नाही.

एक्सचा दाबला आणि वाय दिसला? कनेक्टर अदलाबदल झालेत.

काहीच होत नाही? मल्टिमीटर बीपवर लावा आणि आधी स्विचच्या पायांवर तपासा, मग वायरच्या शील्डकडच्या टोकाला. स्विचवर बीप आणि शील्डकडे शांतता असेल तर वायर तुटलीय किंवा टाका सुटलाय.

फक्त झेड दिसत नसेल, तर ही खास गोम आहे. बाजारात मिळणारं सीएनसी शील्ड जुन्या जीआरबीएलच्या पिनांप्रमाणे छापलेलं आहे. नंतर झेड लिमिट ११ नंबरच्या पिनेवरून १२ वर गेली. त्यामुळे झेडचा स्विच शील्डवर "स्पिंडल एनेबल" लिहिलेल्या पिनेला जोडावा लागतो. यात कित्येकांचे दोन-दोन दिवस गेलेत, माझेही.

मायक्रोस्विचऐवजी प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला असेल तर सावधान. तो १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो. त्याच्या सिग्नल वायरवर किती व्होल्ट येतात ते मीटरने मोजल्याशिवाय आर्डुइनोला जोडू नका. ५ व्होल्टच्या वर गेलं तर पिन जळते. मध्ये ऑप्टोकपलर टाकणं हा खात्रीचा मार्ग.

पायरी २: दिशा

आता मोटारींचा सप्लाय चालू करा, पण होमिंग लगेच देऊ नका. आधी हाताने जॉग करा. एक्स प्लस दाबलं की टूल उजवीकडे, वाय प्लसला मागे आणि झेड प्लसला वर गेलं पाहिजे. उलटं जात असेल तर डॉलर ३ बदला.

जॉग बरोबर आहे, पण होमिंगला अक्ष स्विचपासून लांब पळतोय? मग डॉलर २३ बदला. यात एक्सला १, वायला २ आणि झेडला ४ धरून बेरीज टाकायची. स्विच पुढे डाव्या कोपऱ्यात असतील तर एक्स आणि वायसाठी ३.

हा क्रम पाळा. जॉग उलटं असताना डॉलर २३ ने होमिंग जुळवलं, तर होमिंग होईल आणि कोरलेली अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी येतील.

पहिल्यांदा होमिंग देताना गॅन्ट्री मधोमध ठेवा, एक हात पॉवर स्विचवर ठेवा आणि स्विच बोटाने दाबा. तिथल्या तिथे मागे सरकली तर खऱ्या टोकापर्यंत जाऊ द्यायला हरकत नाही.

पायरी ३: अलार्मचा नंबर वाचा

अलार्म ९ म्हणजे शोधलं, पण स्विच सापडला नाही. जीआरबीएल अक्षाच्या लांबीच्या दीडपट अंतर शोधतं. ही लांबी डॉलर १३०, १३१ आणि १३२ मध्ये असते आणि मूळ आकडा २०० मिलिमीटर. तुमचा बेड ६०० चा आणि गॅन्ट्री दुसऱ्या टोकाला असेल, तर ३०० मिलिमीटर चालून ती मध्येच थांबणार. स्विच चांगला, वायर चांगली, फक्त लांबी भरायची राहिलीय.

अलार्म ८ म्हणजे स्विच लागला, पण मागे आल्यावर सुटला नाही. पत्तीच्या मायक्रोस्विचला सुटायला १ मिलिमीटर पुरत नाही. डॉलर २७ दोन-तीन मिलिमीटर करा. तरीही येत असेल तर पत्ती वाकलीय का, खाली भुसा अडकलाय का ते बघा.

अलार्म १ काम चालू असताना, आणि तोही कुणी स्विच न दाबता? मग पुढची पायरी तुमच्यासाठीच.

एक लक्षात ठेवा. अलार्म १ आल्यावर मोटारी झटक्यात थांबतात आणि जागेचा हिशोब चुकलेला असू शकतो. तो नुसता काढून काम पुढे चालू करायचं नाही. परत होमिंग द्यायचं. मी ते केलं नाही, म्हणून मामांची फळी गेली.

पायरी ४: स्पिंडलचा गोंगाट

साधी परीक्षा. स्पिंडल बंद ठेवून तोच प्रोग्राम हवेत चालवा. अलार्म आला नाही, आणि स्पिंडल चालू केल्यावर आला, तर स्पिंडलच्या वायरमधला विजेचा गोंगाट लिमिटच्या वायरमध्ये शिरतोय. आर्डुइनोचा आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच नाजूक असतो. लांब वायर अँटेनासारखी वागते आणि एखादा झटका कंट्रोलरला स्विच दाबल्यासारखा वाटतो.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे:

१. लिमिटच्या वायरी स्पिंडल आणि मोटारीच्या वायरींपासून वेगळ्या न्या. माझ्या तर सगळ्या एकाच केबल चेनमध्ये कोंबलेल्या होत्या.

२. शिल्डेड वायर वापरा आणि शील्डची जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ करा.

३. पिन आणि ५ व्होल्टमध्ये १ ते ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

४. एवढ्यानेही नाही थांबलं तर ऑप्टोकपलर.

पण या सगळ्याच्या आधी स्विच एनसी जोडा. माझ्या दोन्ही फजितींचं मूळ इथे होतं. मी एनओ जोडले होते. एनओमध्ये एरवी वायर तरंगत असते, म्हणून गोंगाट पटकन शिरतो. आणि वायर तुटली तरी कंट्रोलरला "कुणी दाबलेलं नाही, सगळं ठीक" असंच दिसतं. त्या दिवशी नेमकं हेच झालं. केबल चेनमध्ये वाकून वाकून वायर तुटली होती. एनसीमध्ये वायर एरवी ग्राउंडला धरलेली असते, आणि ती तुटली की मशीन लगेच कुरकुरतं. एका अक्षाला दोन स्विच असतील तर एनसी एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे.

जाता जाता

सगळं जुळल्यावर दहा वेळा होमिंग द्या आणि दरवेळी डायल गेज एकाच जागी टेकवून आकडा लिहा. आकडे फार इकडेतिकडे असतील तर स्विचचे स्क्रू आणि कपलिंग आवळा.

आणि मंडळी, लिमिट स्विच म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे. लाल मोठं बटण वेगळंच हवं, आणि ते स्पिंडल आणि मोटारींचा सप्लाय थेट तोडणारं हवं. माझ्या मशीनवर ते भाचा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बसलं. तुमच्यावर तशी वेळ येण्याआधी बसवा.

काही अडलं तर अलार्मचा नंबर आणि प्रश्नचिन्हाला आलेली ओळ, दोन्ही पाठवा. नुसतं "होमिंग होत नाही" एवढ्यावरून मलाही कळत नाही. भेटू पुढच्या भागात!