काळविटाला सावली नको

पुण्याकडचे पाहुणे हैदराबादला आले की चारमिनार आणि बिर्याणी ठरलेली. मी मात्र त्यांना विजयवाड्याच्या रस्त्याने वनस्थळीपुरमला, महावीर हरिण वनस्थळीत नेते. साडेचौदा चौरस किलोमीटरची ही निजामाची जुनी शिकारगाह. महावीरांच्या 2500व्या निर्वाणवर्षात, 1975 साली, ती काळविटांसाठी राखली गेली. 1994 साली राष्ट्रीय उद्यान झाली. आत शिरल्यावर पाहुणे हमखास म्हणतात, ‘‘किती ओसाड हो! झाडं का लावत नाहीत?’’

जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंय, मला गप्प बसवत नाही.

काळवीट माळावरचं जनावर. त्याचा भरवसा नजरेवर आणि पायांवर. लांबवर दिसलं पाहिजे, उधळायला जागा पाहिजे. माजावर आलेला नर उघड्या जमिनीचा तुकडा धरतो, लेंड्यांचे ढीग घालून हद्द आखतो. तिथे झाडी गच्च झाली की सावलीखाली गवत मरतं, आणि गवतामागोमाग काळवीट जातं.

पूर्वी माळावर गुरं चरत, वणवे लागत; झुडपं आपोआप आटोक्यात राहत. राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि शहराच्या कुशीत आग कोण पेटू देईल? म्हणजे घाणेरी, वेडी बाभूळ माणसांनीच उपटायची. तीही परवानगी घेऊन, वर ‘वनखातं झाडं तोडतंय’ अशी ओरड सोसून. रोप लावणाऱ्याचा फोटो छापून येतो. गवत राखणाऱ्याचा मी तरी पाहिलेला नाही.

आपल्या सोलापूरजवळचं नान्नजही असंच. 1979 साली माळढोकासाठी राखलेलं, तिथेही काळविटं आहेत. पण सरकारी दप्तरात अशा कितीतरी माळांची नोंद ‘पडीक’ अशीच. (तेलंगणाने तर 2014 साली राज्यप्राणी म्हणून काळवीट सोडून चितळ घेतलं. चितळाला झाडी मानवते!)

वनस्थळीच्या कुंपणाचा प्रश्न याहून अवघड. चहूकडे वस्ती, आत लांडगा नाही, बाहेर जायला वाट नाही. कळप वाढला तर चराईचा ताण त्याच गवतावर पडतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच वीण होत राहते. दुसरीकडून नर आणावा, तर काळवीट पकडताना भीतीनेच दगावू शकतं. म्हणून शिरगणती, पाणवठे आणि गवत ही रोजची रटाळ कामं चुकवून चालत नाही.

पावसाळा आला की आमच्या कॉलनीतल्या मंडळींना वृक्षारोपणाची हौस येते. त्यांना मी सांगते, कुंपणाबाहेर लावा, हायवेच्या कडेला. बसची वाट बघणाऱ्यांना सावली हवीच आहे.