घरातील धूर आणि फिशटँकमधील मासे

दिवाणखान्यात हौसेने ठेवलेल्या फिशटँकशेजारी बसून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना वाटते, मासे पाण्यात आहेत, त्यांना धुराचा काय त्रास? ही समजूत चुकीची आहे.

टँकचा हवापंप खोलीतीलच हवा ओढून बुडबुड्यांच्या रूपाने पाण्यात सोडतो. खोलीत धूर असेल तर तोही पाण्यात जातो आणि त्यातील निकोटिन पाण्यात विरघळते. फायटर, गोरामी हे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवाच घेतात.

निकोटिन हे विष आहे; म्हणूनच पिकांवरील किडीसाठी तंबाखूचा काढा फवारीत असत. अमेरिकेतील सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लिटरमागे सुमारे एक थोटूक भिजविलेल्या पाण्यात ९६ तासांत निम्मे मासे मेले. धुरातून एवढे विष एकदम जात नाही. पण धूर रोजचा आणि पाणी तेच!

यावर उपाय साधे आहेत. हवापंप धूर नसलेल्या खोलीत ठेवून नळी लांबवावी. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरावा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. सिगारेट धरलेला हात स्वच्छ धुतल्याशिवाय टँकमध्ये घालू नये. थोटूक तर टँकजवळ ठेवूच नये.

मात्र खरा उपाय एकच, घरात धूम्रपान न करणे. माशांचे पाणी बदलता येते. पण त्याच खोलीत अभ्यासाला बसलेली मुले तीच हवा घेत असतात. सार्वजनिक ठिकाणी कायद्याने बंदी आहे. घरातला नियम घरच्यांनीच करावयाचा आहे.