किल्ल्याचे अ‍ॅप कानांनी वाचताना

वारसास्थळांची माहिती देणारे अ‍ॅप दिव्यांगांना वापरता येते की नाही, हे नुसत्या संगणकीय चाचणीतून कळत नाही. छायाचित्राला वर्णन जोडले आहे का, एवढे यंत्र सांगते. ते उपयोगाचे आहे का, हे अंध माणूसच सांगू शकतो. कंधारच्या किल्ल्याच्या छायाचित्राला वर्णन म्हणून ‘किल्ला’ एवढाच शब्द असला तरी यंत्र ते पास करते. पाण्याने भरलेला खंदक आणि त्यामागची तटबंदी मात्र ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

दृष्टिहीन स्वयंसेवक मोबाइलमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर हा पडद्यावरचे वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू करतात. बोट सरकवत एकेक गोष्ट ऐकायची, हवी ती सापडली की दोनदा टिचकी मारायची, ही त्यांची रोजची सवय. चाचणी घेणाऱ्याने ‘औसा किल्ल्याची वेळ शोधा’ असे एखादे काम द्यावे आणि गप्प बसावे. मध्येच ‘वर उजवीकडे बघा’ म्हटले की चाचणी वाया गेली. बटणाला नाव दिलेले नसेल तर नुसते ‘बटण’ ऐकू येते आणि बोट तिथेच घुटमळते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आतली अक्षरे भलतीच असल्यामुळे कानावर निरर्थक आवाज पडतात. माहितीफलकाचा फोटोच चिकटवला असेल, तर बहुतेकदा तेवढेही नाही. कोणीतरी मेहनतीने लिहिलेला इतिहास असा मुका होतो, याचे वाईट वाटते.

कर्णबधिरांची परीक्षा निराळी. उदगीरच्या १७६० च्या लढाईची माहिती सांगणारी ध्वनिफीत असेल, तर तिचा मजकूर हवाच. पण अनेकांची पहिली भाषा खुणांची असल्याने भारतीय सांकेतिक भाषेतली चित्रफीतही लागते. हात थरथरणाऱ्यांना बारीक बटणे दाबता येत नाहीत. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत म्हणूनच बटणांचा किमान आकार ठरवून दिला आहे.

व्हीलचेअर वापरणाऱ्याने अ‍ॅप घेऊन प्रत्यक्ष जागेवरच जायला हवे. खरोसा लेण्यांच्या पानावर ‘पायऱ्या आहेत’ एवढे लिहून भागत नाही. त्या किती, कठडा आहे का, वापरता येईल असे स्वच्छतागृह कुठे, हे घरातून निघण्यापूर्वी कळले पाहिजे. चार बोटांचा उंबरठाही चाक अडवतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची तरतूद आहे. सुलभतेचे निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले होते.

चाचणी अ‍ॅप कागदावर असतानाच सुरू व्हावी; तयार झाल्यावर दुरुस्ती महाग पडते. स्वयंसेवक म्हटले तरी त्यांना, आणि सोबत्यालाही, प्रवासखर्च व मानधन दिलेच पाहिजे. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की त्याच कामांची चाचणी पुन्हा घ्यावी लागते, कारण एका बदलात आधी नाव असलेले बटणही बिननावाचे होऊ शकते.