पट्टे आले, वंश थांबला

म्हैसूरचे श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय १८९२ साली स्थापन झाले. तेथील झेब्र्यांच्या कुंपणाशी मुलांची गर्दी हटत नाही, आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : हा घोड्यासारखा प्राणी गाडीला का जुंपत नाहीत?

झेब्रा बुजरा आणि तितकाच हट्टी. त्याला माणसाळवणे कठीण. परंतु गाढव, घोडा व झेब्रा ही एकाच कुळातील भावंडे असल्याने त्यांचा संकर होऊ शकतो. गाढव आणि झेब्रा यांच्या अपत्याची अंगकांती बहुधा गाढवाची असते; पट्टे मात्र पायांवर सर्वांत ठळक उमटतात. डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली आहे.

असा संकर मुद्दाम का करावा? आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रोगाने घोडे पटापट मरत. झेब्रा मात्र तगून राही. झेब्र्याची चिवट प्रकृती आणि गाढव-घोड्याचा सोशिक स्वभाव एकाच जनावरात उतरावा, अशी आशा होती. एडिंबरोजवळ पेनिक्विक येथे प्राध्यापक कॉसर युअर्ट यांनी झेब्रा व घोडी यांचे संकर करून १८९९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घोडीला आधी झालेल्या नराची छाया तिच्या पुढील शिंगरांवर पडते, ही जुनी समजूत त्यांनी खोटी ठरविली. तरीही खेचराची जागा हे जनावर घेऊ शकले नाही.

यातील मुख्य अडचण बीजातच आहे. गाढवाची गुणसूत्रे ६२, मैदानी झेब्र्याची ४४. अपत्याच्या वाट्यास ५३ येतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून ते जवळजवळ नेहमी वांझ राहते.

खेचर वांझ असूनही डोंगरवाटांवर ओझी वाहते. त्याचे मोल निर्विवाद आहे. प्राणिसंग्रहालयाची गोष्ट निराळी. कोलकात्यात १९७१ मध्ये वाघ-सिंहिणीच्या संकरातून रुद्राणी जन्मली, तेव्हा लोकांना मोठे कुतूहल वाटले. पुढे आपल्याकडे असे प्रयोग बंद झाले, ते योग्यच झाले. ग्रेव्ही झेब्रे आज रानात सुमारे तीन हजारच उरले आहेत. त्यांच्या मादीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा. तो संकरात खर्ची पडला, तर वंशाचे एक शिंगरू कायमचे गमावले जाते.

झेब्र्याचाच भाऊबंद क्वागा १८८३ साली ॲम्स्टरडॅममध्ये शेवटचा श्वास सोडून नाहीसा झाला. नवे नवल घडविण्यापूर्वी, आहे ते नवल जपावे, हाच त्याचा धडा होय.