योसेफाआधीचे तिघे

आगमनकाळातली मननं : आठवडा तिसरा

१७ डिसेंबरच्या मिस्सेत शुभवर्तमान वाचायला उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूंची मला दर वर्षी थोडी कीव येते. पुढ्यात असतो मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा पूर्वार्ध. शल्तीएल, जरुब्बाबेल, अबीहूद, एल्याकीम, अज्जूर, सादोक... ना देवदूत, ना तारा, ना गोठा. मंडळी उभी, लहान मुलांची चुळबुळ सुरू आणि चाळीसेक नावं ओळीने वाचायची. घरी रोज संध्याकाळी मनन करणाऱ्या कुटुंबांतही हा उतारा आला की पान उलटून थेट योसेफाच्या स्वप्नावर जायची पद्धत आहे. मागच्या दोन आठवड्यांत आपण लूकबरोबर जखऱ्या आणि अलीशिबा यांच्या घरी होतो. लूक गोष्टीने सुरुवात करतो, मत्तय वंशावळीने. त्याच्या नाताळाची किल्ली या वंशावळीतच आहे असं माझं मत आहे, म्हणून हा आठवडा यादीसाठी.

यादीचे तीन भाग आहेत: अब्राहामापासून दाविदापर्यंत, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि तिथून ख्रिस्तापर्यंत. प्रत्येक भागात १४ पिढ्या, असं मत्तय स्वतःच सांगतो. हा आकडा साधायला त्याने कात्रीही चालवली आहे. योराम आणि उज्जीया यांच्या मधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे सरळ गळले आहेत. शेवटच्या भागात तर मोजायला बसलं की नावं १३च भरतात. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहीत आणि दाविदाच्या नावातल्या अक्षरांची बेरीज १४ होते, म्हणून हा खटाटोप, असं बरेच अभ्यासक मानतात. लूकची यादी वेगळी. ती उलटी चढत आदामापर्यंत जाते आणि योसेफाच्या वडिलांच्या नावापाशीच मत्तयाशी फटकते. मत्तयाकडे ते याकोब, लूककडे हेली. तिसऱ्या शतकातल्या युलियस आफ्रिकानसपासून अनेकांनी दोन्ही याद्यांचा मेळ घालायचा प्रयत्न केला. त्यात मी शिरत नाही, कारण मला मत्तयाचं काय चाललंय ते पाहायचंय.

राजांची नावं गाळणारा हा माणूस बायकांची नावं मात्र घालतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्या चाळाव्यात, तशीच ही यादी: बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. त्यात मध्येच तामार येते. मग राहाब, मग रूथ. चौथीचं तर नावही नाही, नुसतं ‘उरीयाची बायको’. आणि कोण नाहीत तेही पाहा. सारा नाही, रिबका नाही, लेआ नाही. ज्यांची नावं घालायला कुणाचीच हरकत नसती, त्या कुलमाता बाहेर राहिल्या.

चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने याचं उत्तर दिलं: शास्त्रात ज्यांच्यावर ठपका आहे अशाच बायका इथे घेतल्या, कारण पापी लोकांसाठी आलेला पापी लोकांतूनच जन्मला. प्रवचनांत हे उत्तर अजून ऐकू येतं. मार्टिन ल्यूथरने भर दिला तो त्यांच्या परकेपणावर. राहाब कनानी, रूथ मवाबी, उरीया हित्ती. ‘द बर्थ ऑफ द मसाया’ या १९७७च्या ग्रंथात रेमंड ब्राउन यांनी आणखी एक धागा दाखवला: चौघींच्या संबंधांत लोकांच्या दृष्टीने काहीतरी विपरीत होतं, तरीही पाऊल त्यांनी उचललं आणि देवाने त्यातूनच आपलं काम पुढे नेलं. मरीयेशी त्यांचं नातं जुळतं ते इथे.

जेरोमचं उत्तर मला पटत नाही. रूथने कोणतं पाप केलं? आणि उरीयाच्या बायकोच्या गोष्टीत पापी कोण, हे शास्त्र आडपडदा न ठेवता सांगतं. चौघींना एका माळेत ओवायचं आणि माळेला पाप म्हणायचं, हा पुरुष भाष्यकारांचा सोयीचा उद्योग झाला. मी ही यादी जरा वेगळी वाचतो. प्रत्येक बाईशेजारी जो पुरुष आहे, त्याच्याकडे पाहतो. तिचं बरंवाईट त्याच्या हातात होतं, तेव्हा त्याने काय केलं?

तामारेपासून सुरुवात करू. गोष्ट उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात आहे. यहूदाच्या थोरल्या मुलाशी तिचं लग्न झालं, तो वारला. रीतीप्रमाणे दिराने तिच्याशी संसार करून भावाचा वंश चालवायचा, तर तोही वारला. तिसरा लहान होता. यहूदाला भीती की हाही जाईल, म्हणून ‘तो मोठा होईपर्यंत थांब’ असं सांगून त्याने सुनेला माहेरी पाठवलं. मुलगा मोठा झाला, बोलावणं आलंच नाही. ना सून, ना विधवा, ना पुन्हा लग्नाला मोकळी, अशी ती माहेरी पडून राहिली.

मग एक दिवस कळलं की सासरा लोकर कातरणीसाठी तिम्नाला निघालाय. तिने वैधव्याचे कपडे उतरवले, बुरखा घेतला आणि वाटेवर जाऊन बसली. यहूदाला ती वेश्या वाटली. मोबदला ठरला एक करडू. तोवर तारण म्हणून तिने त्याची मुद्रा, गोफ आणि हातातली काठी मागून घेतली. नंतर त्याने मित्राबरोबर करडू पाठवलं, पण बाई सापडेना. तेव्हा यहूदा म्हणतो की राहू दे त्या वस्तू तिच्याकडेच, उगाच आपलं हसं नको. ही बारकाईची जागा मला फार बोलकी वाटते. झाल्या गोष्टीबद्दल त्याला काही वाटत नाही, धास्ती फक्त लोक हसतील याची. तीन महिन्यांनी सून गरोदर असल्याची बातमी येते आणि हाच माणूस, एक प्रश्न न विचारता, तिला बाहेर काढून जाळायचा हुकूम सोडतो.

तिला बाहेर नेत असताना तिने मुद्रा, गोफ आणि काठी सासऱ्याकडे पाठवली, या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मी गरोदर आहे असा निरोप दिला. चारचौघांत त्याचं नाव घेतलं नाही. वस्तू ओळखायचं त्याच्यावर सोडलं. यहूदाने त्या ओळखल्या आणि न्याय तिच्या बाजूला आहे, आपल्या नाही, हे कबूल केलं. उशिरा का होईना, केलं. तिला जुळे झाले, त्यातला पेरेस यादीत आहे.

राहाब माझ्या या वाचनात नीट बसत नाही, हे सांगितलं पाहिजे. यरीहोच्या तटाला लागून घर असलेली ही वेश्या. छपरावर पसरलेल्या अंबाडीच्या काड्यांखाली तिने दोन हेर लपवले आणि राजाच्या माणसांना भलतीकडे पिटाळलं. तिथे जीव पुरुषांचा होता आणि तो तिच्या हातात होता. शिवाय ती बवाजाची आई होती असं फक्त मत्तय म्हणतो, जुन्या करारात तसं कुठेच नाही. तिला त्याने मुद्दाम आणून बसवलं आहे एवढं नक्की.

रूथ मात्र बसते. मवाबी, विधवा, निपुत्रिक. ती सासूबरोबर बेथलेहेमला आली, जिथे तिचं कुणी नाही. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही, असा नियमशास्त्राचा दंडक. जवाची कापणी सुरू होती आणि कापणाऱ्यांच्या मागून पडलेली कणसं वेचायचा हक्क गरिबांना होता, त्यावर ती पोट भरू लागली. शेत बवाजाचं निघालं. पेंढ्यांतून थोडी कणसं मुद्दाम खाली पडू द्या आणि तिला बोलू नका, असं त्याने आपल्या माणसांना बजावलं. पुढे लग्नाचा प्रश्न आला तेव्हा त्याच्याहून जवळचा एक नातलग हयात होता. बवाज वेशीत जाऊन बसला, दहा वडीलधाऱ्यांना बोलावलं आणि सगळा व्यवहार त्यांच्यादेखत केला. दुसऱ्याने आपल्या वतनाला धक्का लागेल म्हणून अंग काढून घेतलं. वेशीत जमलेल्या लोकांनी बवाजाला आशीर्वाद दिला, तो तामारेचं नाव घेऊन. जेरोमला ती ठपक्याची बाई दिसली, पण बेथलेहेमच्या लोकांनी तिचं नाव लग्नाच्या आशीर्वादात घेतलं होतं.

पोरक्या विधवांच्या या गोष्टी मराठीत आणणाऱ्यांत एक नाव पंडिता रमाबाईंचं आहे. त्या स्वतः १८८२ साली विधवा झाल्या, हाताशी लहानगी मनोरमा. १८८९मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं. तिथेच हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. आयुष्याची अखेरची वर्षं त्यात गेली. १९२२मध्ये त्या वारल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं. सासरने माहेरी धाडलेली तामार त्यांच्या सदनात रोज दाराशी येत असणार. तिला समजून घ्यायला त्यांना भाष्यकाराची गरज पडली नसेल.

दाविदाचं फार सांगायला नको, गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. उरीयाची बायको त्याच्यापासून गरोदर राहिली, तेव्हा त्याने तिच्या नवऱ्याला आघाडीवरून बोलावून घरी झोपायला पाठवायचा डाव टाकला. उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. मग दाविदाने सेनापतीला पत्र लिहिलं की याला लढाईच्या तोंडी द्या, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं. मत्तय तिचं नाव न घेता उरीयाचं घेतो. ज्या राजाच्या नावाच्या आकड्यावर ही सारी यादी उभी आहे, त्याच्याच ओळीत त्याच्या गुन्ह्याची नोंद करून ठेवायला छाती लागते.

हे तिघे डोळ्यांसमोर ठेवले की अध्यायाचा उत्तरार्ध वेगळा दिसू लागतो. योसेफापुढे यहूदाचाच प्रश्न आहे: घरात येणारी स्त्री गरोदर आहे आणि मूल आपलं नाही. त्या काळचा वाङ्‌निश्चय म्हणजे आजचा साखरपुडा नव्हे. तो मोडायला सूटपत्र लागे. वाग्दत्त स्त्रीच्या अशा अपराधाला नियमशास्त्रात दगडमाराची शिक्षा लिहिलेली. प्रत्यक्षात ती होवो न होवो, गावात नाव जाणं पुरेसं होतं. यहूदाला हसं होण्याची भीती वाटली होती, ती योसेफालाही वाटली असणार. दाविदासारखं झाकायला त्याचं स्वतःचं काही नव्हतं. बवाजासारखं वेशीत जाऊन दहा माणसांसमोर बोलावं, तर तिचीच बेअब्रू. म्हणून कुणाला न कळता तिला सोडायचं त्याने ठरवलं. आणि मत्तय याला नीतिमान म्हणतो, तेही स्वप्नाच्या आधी! देवदूत यायचा होता. मूल पवित्र आत्म्यापासून आहे हे त्याला कळायचं होतं. आपली फसवणूक झाली असं वाटत असतानाही तिचा जीव आणि अब्रू जपायची, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. नाताळच्या गोठ्यात आपण त्याला कंदील देऊन एका बाजूला उभा करतो, पण मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा नायक तोच आहे.

मग देवदूत त्याला ‘दाविदाच्या पुत्रा’ म्हणून हाक मारतो आणि दोन कामं सांगतो: तिला घरी आण आणि मुलाचं नाव येशू ठेव. दुसरं काम वाटतं तेवढं लहान नाही. यादी वाचताना कुणालाही शंका येते की योसेफ जर जन्मदाता नाही, तर अब्राहामापासून त्याच्यापर्यंत वंश आणून उपयोग काय? मत्तयालाही ती ठाऊक आहे, म्हणून ‘अमक्याला तमका झाला’ ही चाल तो शेवटच्या ओळीत मोडतो आणि मरीयेपासून येशू जन्मला असं लिहितो. उत्तर नाव ठेवण्यात आहे. मुलाचं नाव ठेवणारा पुरुष त्याला आपला म्हणून पत्करतो. योसेफाने तिला घरी आणलं, मुलाचं नाव ठेवलं आणि दाविदाचं घराणं त्या मुलाला मिळालं. यात तो एक शब्द बोलल्याची नोंद नाही, चारही शुभवर्तमानांत नाही.

चित्रकारांनी या यादीतल्या बायकांना फारसं विचारलेलं नाही. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये बाराव्या शतकातली रंगीत काचेची खिडकी आहे. इशाय झोपलेला, त्याच्यातून झाड वर चाललेलं, त्यावर राजे, मग मरीया, शेंड्याला ख्रिस्त. तामार-रूथ तिथे नाहीत. रोममधल्या सिस्टीन चॅपेलच्या छताखालच्या कमानींत मायकेलँजेलोने मत्तयाची हीच यादी रंगवली. पाट्यांवर नावं पुरुषांची, पण चित्रांत जागोजागी बायका: कुणी मुलाला थोपटतेय, कुणी आरशात पाहतेय. यहूदा आणि पेरेस यांच्या नावांच्या कमानी वेदीच्या भिंतीवर होत्या. पुढे ‘अंतिम न्याय’ या चित्रासाठी जागा हवी म्हणून त्याने स्वतःच त्या पुसल्या.

या आठवड्याच्या मननासाठी रोज थोडं थोडं वाचा: उत्पत्ती ३८, यहोशवा २, रूथचं पूर्ण पुस्तक (चारच अध्याय आहेत, दोन दिवसांत होतील), २ शमुवेल ११ आणि १२, आणि शेवटी मत्तय १ एकही नाव न गाळता, शक्यतो मोठ्याने. मुलांना वाचायला लावा. जरुब्बाबेलपाशी हसू येईल, येऊ द्या. तामारेचा अध्याय आधी मोठ्यांनी वाचून ठेवावा, कारण प्रश्न येतील आणि टाळून चालणार नाही. पुढच्या आठवड्यात लूककडे परतू: औगुस्त कैसराची नावनिशी आणि नासरेथ ते बेथलेहेम हा प्रवास.