कौल दिला, राग कुठे गेला?

५ जुलै २०१५ रोजी ग्रीसच्या मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली, तिच्याइतकी चमत्कारिक मतपत्रिका शोधून सापडणार नाही. प्रश्न असा होता: युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी २५ जूनला मांडलेला मसुदा स्वीकारावा का? मसुद्याचे भाग दोन. त्यातल्या एकाचं शीर्षक 'कर्ज फेडण्याच्या क्षमतेचं प्राथमिक विश्लेषण' अशा थाटाचं. तो वाचून मग मत द्या, असं म्हटलं असतं तर मतदानाला वर्षभर रांगा लागल्या असत्या. उत्तराच्या दोन चौकटींत 'नाही' वर छापलेलं आणि 'होय' खाली. आणखी कमाल म्हणजे ज्या कर्जयोजनेसाठी हा मसुदा होता, तिची मुदत ३० जूनलाच संपली होती. म्हणजे लोकांना विचारलं जात होतं ते टेबलावरून उचलून नेलेल्या कागदाबद्दल.

पण लोकांना प्रश्न नेमका कळला होता. बँका २९ जूनपासून बंद होत्या. एटीएमसमोर रांगा, आणि एका खात्यातून दिवसाला जास्तीत जास्त ६० युरो. पंतप्रधान आलेक्सिस त्सिप्रास स्वतः 'नाही' म्हणा असं सांगत होते. काटकसरीच्या नावाखाली पाच वर्षं निवृत्तिवेतनं आणि पगार कापले गेले होते, तरुण देश सोडून चालले होते. ग्रीक माणसाला 'नाही' म्हणण्याचा इतिहासही आहे: १९४० साली मुसोलिनीची धमकी धुडकावली, तो २८ ऑक्टोबरचा दिवस तिथे राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळतात. निकाल लागला. ६१.३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. अथेन्सच्या संसदेसमोरच्या सिंताग्मा चौकात त्या रात्री लोक नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री यानिस वारूफाकिस यांनी राजीनामा दिला. आठवडाभरात, १२ जुलैच्या दुपारी, ब्रसेल्समध्ये युरो वापरणाऱ्या देशांच्या प्रमुखांची बैठक सुरू झाली, ती सतरा तास चालली आणि १३ तारखेच्या सकाळी संपली. बाहेर आलेला करार अनेक बाबतींत लोकांनी नाकारलेल्या मसुद्यापेक्षाही कडक होता: करवाढ, निवृत्तिवेतनात कपात, आणि ५० अब्ज युरोंच्या सरकारी मालमत्तेची विक्री करण्यासाठी वेगळा निधी. १५ जुलैच्या रात्री संसदेने त्याला २२९ विरुद्ध ६४ मतांनी मान्यता दिली. त्सिप्रास यांच्याच सिरिझा पक्षाच्या ३२ खासदारांनी विरोधात मत दिलं. त्यात वारूफाकिस होते, संसदेच्या सभापतीही होत्या. दहा दिवसांपूर्वी ज्या चौकात नाच झाला होता, तिथे आता पेट्रोल बॉम्ब फुटत होते आणि पोलिस अश्रुधूर सोडत होते.

इथपर्यंतची गोष्ट ओळखीची वाटेल. पुढाऱ्याने विचारलं, जनतेने सांगितलं, पुढाऱ्याने उलट केलं, जनता खवळली. मला थक्क करतं ते पुढचं.

२० ऑगस्टला त्सिप्रास यांनी राजीनामा दिला आणि निवडणूक घेतली. पक्षातल्या बंडखोरांनी 'लोकांची एकजूट' नावाचा वेगळा पक्ष काढला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्ही ६१ टक्क्यांच्या बाजूचे. तर्काने पाहिलं तर त्यांना मतांचा पूर यायला हवा होता. २० सप्टेंबरला मोजणी झाली, तेव्हा त्यांना मिळाली २.८६ टक्के मतं. संसदेत शिरायला तीन टक्के लागतात, त्यामुळे एकही जागा नाही. आणि त्सिप्रास? ३५.५ टक्के मतं आणि ३०० पैकी १४५ जागा. जानेवारीत पहिल्यांदा निवडून आले तेव्हापेक्षा फक्त चार जागा कमी. अडीच महिन्यांपूर्वी ज्याने कौल गुंडाळून ठेवला, त्यालाच लोकांनी परत खुर्चीवर बसवलं.

मग राग गेला कुठे? आकडे नीट पाहिले की तो सापडतो. जानेवारीत सुमारे ६४ टक्के मतदान झालं होतं, सप्टेंबरमध्ये ५६.६ टक्के. टक्केवारी जवळपास तीच राहिली, तरी सिरिझाची प्रत्यक्ष मतं सुमारे ३ लाख २० हजारांनी घटली. रागावलेला माणूस दुसऱ्या पक्षाकडे गेला नाही, तो घरी बसला. निवडणुकीच्या हिशेबात घरी बसलेला माणूस कुठेच दिसत नाही, म्हणून राग विरला असं वाटतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'नाही' म्हणणाऱ्या बहुसंख्यांना युरो सोडायचा नव्हता. अटी नकोत, पण चलन हवं, अशी ती भूमिका होती. मतपत्रिकेवर हा भाग छापलेलाच नव्हता. युरोपीय मध्यवर्ती बँकेने ग्रीक बँकांच्या तातडीच्या कर्जपुरवठ्यावर मर्यादा आणली होती, ती उठल्याशिवाय बँकांचे दरवाजे नीट उघडणार नव्हते. समोर बसलेल्या अठरा देशांच्या सरकारांनाही आपापले मतदार होते, आणि त्या मतदारांना ग्रीसला आणखी पैसे द्यायचे होते असं नाही. ग्रीक जनतेचा कौल ग्रीक सरकारवर चालत होता. जर्मनीच्या अर्थमंत्र्यावर तो कसा चालणार? त्सिप्रास यांनी हे मतदानाआधी स्पष्ट सांगितलं नाही. माझ्या मते त्यांची खरी चूक करारावर सही करण्यात नव्हती, 'नाही' म्हटलंत की माझे हात बळकट होतील, असं लोकांना भासवण्यात होती.

सार्वमत डावललं की लोक चिडतात, हे आपण गृहीत धरतो. पण स्वीडनचं काय? १६ ऑक्टोबर १९५५ रोजी तिथे सार्वमत झालं: रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालवायच्या की उजव्या? ८२.९ टक्के लोक म्हणाले, डाव्याच. इतका स्पष्ट कौल क्वचितच मिळतो. १९६३ साली संसदेने ठरवलं, उजव्या. शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडमध्ये उजवीकडून वाहतूक होती, आणि स्वीडनमधल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही आधीच डावीकडे होतं. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाचच्या जरा आधी देशभरातल्या गाड्या थांबल्या, हळूच पलीकडच्या बाजूला गेल्या आणि पाच वाजता चालू लागल्या. दंगल नाही, नवा पक्ष नाही. उजवीकडे राहा असं सांगणारं एक गाणं मात्र त्या मोहिमेत लोकप्रिय झालं!

हा फरक कशाने पडला? स्वीडनचं सार्वमत सल्लागार स्वरूपाचं होतं हे एक. पण युरोपीय संघ सोडावा का यावरचं ब्रिटनमधलं २०१६ चं सार्वमतही कायद्याने सल्लागारच होतं, आणि तिथे काय आगडोंब उसळला! इथे कायद्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. याच ब्रिटिश संसदेने २०११ साली मतदानपद्धती बदलावी का यावर सार्वमत घेतलं होतं. त्या कायद्यात लिहिलेलं होतं की लोकांनी होकार दिला तर मंत्र्याने नवी पद्धत अमलात आणलीच पाहिजे. लोकांनी नकार दिला, ते कलम वापरायची वेळच आली नाही. २०१६ साठीच्या कायद्यात असं कलमच नव्हतं. निकालानंतर काय करायचं याबद्दल कायदा गप्प. मात्र सरकारने घरोघर जे पत्रक पाठवलं, त्यात निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल, असं स्वच्छ लिहिलं होतं.

लोकांनी कायदा वाचला नव्हता, पत्रक वाचलं होतं. घरात आईने 'आज भाजी कुठली करू?' असं विचारलं, सगळ्यांनी बटाटा म्हटलं आणि ताटात दुधी आला, तर पोरं रुसतात. न विचारता दुधी केला असता तर मुकाट्याने खाल्ला असता. रुसवा दुधीचा नसतो.

ब्रिटनमध्ये राग दुर्लक्ष होण्याआधीच उफाळला. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने एवढंच म्हटलं की युरोपीय संघातून बाहेर पडण्याची नोटीस देण्याआधी संसदेची संमती घ्या. त्यावर 'डेली मेल'ने तीन न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापले आणि त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. संसदेने नंतर मोठ्या बहुमताने संमती दिलीही. पण २९ मार्च २०१९ ही बाहेर पडण्याची तारीख टळली, तेव्हा जेमतेम काही महिन्यांच्या ब्रेक्झिट पार्टीने मे महिन्यातल्या युरोपीय निवडणुकीत २९ जागा जिंकल्या आणि सत्ताधारी हुजूर पक्ष पाचव्या क्रमांकावर घसरला. इथे राग घरी बसला नाही. त्याला जाऊन बसायला जागा मिळाली होती.

मला स्वतःला सर्वांत जास्त राग येतो तो नेदरलँड्सचा. तिथे २०१५ पासून असा कायदा होता की तीन लाख सह्या गोळा केल्या तर संसदेने मंजूर केलेल्या कायद्यावर सल्लागार सार्वमत मागता येईल, आणि तीस टक्के मतदान झालं तरच तो कौल वैध धरला जाईल. ६ एप्रिल २०१६ रोजी युक्रेनबरोबरच्या सहकार्य करारावर मतदान झालं. ३२ टक्के लोक आले, ६१ टक्क्यांनी नकार दिला. पंतप्रधान मार्क रुटे यांनी इतर देशांकडून एक पुरवणी घोषणा मिळवली: या कराराने युक्रेनला संघाचं सदस्यत्व मिळणार नाही, लष्करी मदतीची सक्ती असणार नाही वगैरे. मग करार मंजूर करून टाकला. इथपर्यंत समजू शकतो, सल्ला ऐकला आणि थोडा मानला. पण २०१८ साली सार्वमताचा कायदाच रद्द केला गेला. ते विधेयक ज्या मंत्र्यांनी आणलं, त्या 'डी-६६' पक्षाच्या, म्हणजे जनतेला थेट अधिकार द्या ही मागणी घेऊन १९६६ साली जन्मलेल्या पक्षाच्या. वर रद्द करण्याच्या या कायद्यावर सार्वमत मागता येणार नाही, अशी तजवीज त्या कायद्यातच केलेली. त्सिप्रास निदान अडीच महिन्यांत पुन्हा लोकांसमोर उभे राहिले. इथे उत्तर आवडलं नाही म्हणून विचारायचंच बंद केलं.

प्रश्नाला एक उत्तर आणि माणसाला दुसरं, ही मतदाराची रीत काही ग्रीसची खासियत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात ८ एप्रिल १९३३ रोजी एकाच दिवशी दोन मतदानं झाली. ऑस्ट्रेलियातून फुटून निघावं का, यावर जवळजवळ दोन-तृतीयांश लोक 'होय' म्हणाले. त्याच लोकांनी त्याच दिवशी हे सार्वमत आणणारं सरकार पाडलं, राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जेम्स मिचेल यांना त्यांच्याच मतदारसंघात हरवलं आणि फुटून निघण्याला विरोध करणाऱ्या मजूर पक्षाला निवडून दिलं. अर्ज घेऊन शिष्टमंडळ लंडनला गेलं. १९३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीने सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मागणी केल्याशिवाय आम्हाला यात हात घालता येत नाही. विषय तिथेच मिटला.

आणि गोवा. आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही, म्हणून १९६६ साली संसदेने खास कायदा करून गोवा, दमण आणि दीव इथे जनमत कौल घेतला. महाराष्ट्रात (दमण-दीवने गुजरातेत) विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, गोव्याचे भाऊसाहेब, हे विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. मतदान निःपक्षपाती वातावरणात व्हावं म्हणून त्यांचं सरकार पायउतार झालं आणि राष्ट्रपती राजवट आली. विरोधी बाजूला जॅक द सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, आणि मराठी वाचकाला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे 'राष्ट्रमत' हे दैनिकही होतं. चंद्रकांत केणींचा 'राष्ट्रमत' आणि त्यातलं उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर महाराष्ट्रात जाऊ नका हे सांगत होते, ते मराठीतून!

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झालं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने महाराष्ट्राची मागणी फेटाळली गेली. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच विधानसभेची निवडणूक आली, आणि ज्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या मूळ मागणीवरच मतदारांनी काट मारली होती, त्याला तीसपैकी १६ जागा मिळाल्या. युनायटेड गोवन्सला १२.

भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. हरलेल्या बाजूच्या माणसाने जिंकलेल्या बाजूचा गोवा चालवायचा, असा हा मामला होता. कौल बाजूला सारण्याची इच्छा कुणाला झाली असती, तर ती पणजीत सत्तेवर बसलेल्या याच पक्षाला. तरी गोवा केंद्रशासितच राहिला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच बांदोडकरांचं निधन झालं, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झालं.